पायरी कुणीच पाहिली नाही

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे आणि माझ्या पोटात अख्खं घर आहे. पलंग आहे, शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे. राहणारं माणूस तेवढं नाही.

माझी उमेदीची बारा वर्षं उमरग्याच्या एका बँडपथकात गेली. लग्नसराईत ती तरणी पोरं मागच्या दारातून एका उडीत आत यायची. माझी पायरी गुडघ्याच्याही वर आहे, पण उडी मारणाऱ्याला पायरी कुठे दिसते?

पथक मोडलं आणि तामलवाडीचे धनाजीराव मला पाहायला आले. एसटीच्या डेपोतले निवृत्त मेकॅनिक. दोन दिवस त्यांनी माझं इंजिन ऐकलं, खाली निजून चासी ठोकून पाहिली, टायरच्या खाचांत नख घातलं. त्यांच्या पत्नी मथुराबाई रिक्षात बसून होत्या. त्यांना कुणी ‘जरा चढून बघा’ म्हटलं नाही. गाडी मात्र त्यांच्याचसाठी घ्यायची होती. त्यांची धाकटी बहीण दीपमाला सावंतवाडीला दिलेली. नऊ वर्षांत भेट नव्हती, आणि गुडघ्यांमुळे एसटीत बसवत नव्हतं. माझ्यात आडवं पडून जाता आलं असतं.

मला घराचं रूप दिलं आणि आधी अणदूरला खंडोबाच्या दर्शनाला नेलं. निघताना मथुराबाई स्टुलावरून चढल्या. स्टूल घरीच राहिलं. देवळापुढे परत चढताना धनाजीरावांनी वरून ओढलं, दोन अनोळखी माणसांनी खालून रेटलं. चप्पल खाली पडली. कुणीतरी हसलं.

“पोत्यावानी चढवलं मला,” घरी आल्यावर त्या म्हणाल्या.

“खाली एक लोखंडी पायरी लावून घेतो की. अर्ध्या दिवसाचं काम हाय.”

“मंग आधी का न्हाय लावली?”

“आधी इंजिनाचं बघावं लागतं.”

“दीपाच्या ओसरीवर इंजिन बसणार व्हतं का?”

अर्ध्या दिवसाचं ते काम कधीच झालं नाही. पडदे झाले, नवा हॉर्न झाला. उभ्या गाडीलाही खर्च असतो, मित्रांनो. विमा, पासिंग, बसून मेलेली बॅटरी, उन्हानं तडकलेले टायर. धनाजीरावांनी माझं सगळं वेळेवर केलं. माझं दुखणं त्यांना आवाजावरून कळायचं.

बहिणीचा फोन यायचा, “अक्का, निघालीस का?”

“गाडीचं काम चालू हाय,” मथुराबाई सांगायच्या. नवऱ्याला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत.

गेल्या पावसाळ्यात तो फोन यायचा थांबला. तिच्या तेराव्याला धनाजीराव एकटेच गेले. एसटीनं.

आता मला विकायला काढलं आहे. परवा शिवकुमार गुरुजी आले, नुकतेच निवृत्त झालेले. आल्या आल्या बॉनेट उघडून वाकले. ओसरीवरून मथुराबाईंनी विचारलं, “गुरुजी, बाईंना आणलंय का संगं?”

“न्हाय, त्या घरी हायत.”

“मंग ते झाका. त्यांना घिऊन या, अन् आधी त्यांना चढू द्या.”

गुरुजी हसले. धनाजीराव हसले नाहीत. हातातल्या फडक्यानं ते माझा स्वच्छ आरसा पुन्हा पुसू लागले.

मित्रांनो, उद्या तुमच्याही घरचे आजी-आजोबांसाठी गाडी बघायला निघतील. तेव्हा इंजिन ऐकणारे पुष्कळ असतील. तुम्ही रिक्षात बसून राहिलेल्या माणसाला हात धरून पायरीपाशी आणा. माझी पायरी अजून तेवढीच उंच आहे.