शुभदाचा पापुद्रा

शुभदाचा सेन्सर माझ्यापेक्षा सरस आहे असं सर म्हणाले, तेव्हा मी हसून मान डोलावली आणि आतून जळून खाक झाले. आम्ही दोघी वडगावच्या एका कॉलेजात संशोधन करतो. रंगाच्या कारखान्यात थिनरची वाफ साठू लागली की लगेच सांगेल असा सेन्सर हवा आहे. माझा तापवल्याशिवाय चालत नाही. त्यासाठी दोन वर्षं मी हाडाची काडं केली. शुभदा लोणावळ्याहून मागाहून आली, आयत्या बिळावरचा नागोबा! तिनं मॉलिब्डेनम डायसल्फाईडचा, जेमतेम काही अणूंच्या जाडीचा पापुद्रा काचेवर बसवला, आणि तो थंडच चालतो. कारखान्यात चाचणीला एकच सेन्सर जाणार होता, आणि त्याच्यासोबत तो बनवणारी.

निवड करायला कारखान्याचे सुरक्षा अधिकारी बाजीराव आले. शुभदा थिनरच्या बाटलीचं बूच काढणार, इतक्यात मी नीट बघायला टेबलावर वाकले. तिच्या सेन्सरला जोडलेल्या पडद्यावरची रेघ सरसर चढली. बाटली तर बंदच होती!

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "सर, हिचा सेन्सर खोटा आहे. वाफ नसतानाही ओरडतोय," मी सगळ्यांदेखत म्हणाले.

शुभदाचं तोंड एवढंसं झालं. खरं सांगते, ते बघून माझा जीव थंड झाला.

"कोमल, जरा मागं हो," सर म्हणाले.

मी मागं सरले, रेघ उतरली. पुढं झाले, पुन्हा चढली.

बाजीरावांनी माझी बोटं पाहिली. नखांच्या कडेला तांबडा रंग होता. "ताई, आज पोळा. बैलांची शिंगं रंगवून आलात व्हय?"

"व्हय. आबांचा हात कापतो आता."

"आन् रंग कशानं काढला?"

थिनरनं, मला सांगावंच लागलं. मग दोनदा साबण लावून हात हुंगूनही पाहिले होते. मला कसलाच वास आला नव्हता.

"ऱ्हाऊ द्या ती बाटली," बाजीराव सरांना म्हणाले. "माणसाच्या नाकाला न्हाई कळलं, ते यानं वळखलं. हाच पाठवा."

सगळे शुभदाभोवती जमले. मी पलीकडच्या टेबलाशी गेले, माझा सेन्सर तापवला आणि बोटं त्याच्या अगदी जवळ धरली. रेघ जागची हलली नाही.

मान वर केली तर शुभदा बघत होती. ती हसली असती तर बरं झालं असतं. तिनं हळूच नजर वळवली.