मी त्या गाडीचा नव्हतोच

मी एक खटका बोलतोय. मुठीत मावेल एवढा, बिडाच्या लोखंडाचा. एका टोकाला कडी, दुसऱ्या टोकाला स्क्रूचं भोक. मी जुन्या मोटारीचा भाग आहे, असं आजवर कितीतरी शहाण्यांनी छातीठोकपणे सांगितलंय. कोणी म्हणालं ब्रेकचा, कोणी म्हणालं कार्बोरेटरच्या दांडीचा. एका महाभागाने तर नुसता वास घेऊन मला गिअरच्या खात्यात टाकलं. सगळे चुकले. मी शिलाईच्या पायमशीनचा आहे. खालच्या मोठ्या चाकावरचा चामड्याचा पट्टा उतरवायचा आणि चढवायचा, एवढंच माझं काम.

माझा जन्म मशीनच्या कारखान्यात झाला. लोखंड वितळवून साच्यात ओतायचे, तिथे माझ्यासारखी भावंडं ढिगाने निघायची. मिरवावं असं त्यात काही नाही. मशीनचं नाव निघालं की लोकांना सुई आठवते, फार तर चाक. खटक्याकडे कोण बघतो?

काकू बघायच्या. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणते, म्हणून मीही म्हणतो. संसाराला लागल्यावर त्यांनी ते मशीन घेतलं आणि त्यावर शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, मुलीचे फ्रॉक, काय काय शिवलं. काम संपलं की त्या वाकायच्या, माझ्या कडीत अंगठा घालून मला ओढायच्या आणि पट्टा सुटायचा. रोजच्या त्या अंगठ्याने माझी कडी आतून गुळगुळीत झाली. बाकी सगळीकडून मी गंजलो, तिथे मात्र कधी गंज धरला नाही.

काकूंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. आयुष्यभर दुसऱ्यांना वर-खाली नेण्यात गेलं आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या वडिलांची मोटार हाती घेतली. किती वर्षं ती घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. मिस्त्रींनी ती नटासकट सुटी केली. शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही.

या उद्योगामागे काकूंची एक इच्छा होती. त्या नवरी होऊन याच गाडीतून या घरी आल्या होत्या, पण मागच्या सीटवर, सासूबाई आणि एक भलीमोठी ट्रंक यांच्यामध्ये चेंगरून. पुढे गाडी बिघडली ती बिघडलीच. पुढच्या सीटवर बसणं राहून गेलं. आता त्यांचा मणका दुखायचा आणि डॉक्टरांनी मिस्त्रींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हळूहळू त्यांचं बसणंच बंद होईल. मिस्त्री त्या दिवशी घरी आले ते थेट शेडमध्ये शिरले.

माझी चुकामूक अगदी साधी झाली. पायमशीन कुरकुरायला लागलं म्हणून मिस्त्रींनी ते शेडमध्ये आणलं. मी गंजून अडकलो होतो, म्हणून मला काढलं आणि रॉकेलच्या ट्रेमध्ये टाकलं. त्याच ट्रेमध्ये गाडीचे भाग भिजत होते. मिस्त्रींचं मन सगळं गाडीत. मशीनला तेलपाणी झालं, ते घरात गेलं, मी ट्रेमध्येच राहिलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री भंगारबाजारात गेले होते. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. मशीनशी बोलायची त्यांची सवयच होती. "खटका कुठे गेला रे तुझा? जाऊ दे. आता सांगितलं तर हातातलं काम टाकून शोधत बसतील. पट्टा काय, हातानेही चढतो." आणि चढवलाही. बोटं चिमटली असणार, कारण मध्येच "आई गं" ऐकू आलं. त्याच मशीनवर त्यांनी गाडीच्या पुढच्या सीटचं कव्हर शिवलं.

गाडी जुळत आली. शेवटी बाकावर चार-पाच तुकडे उरले. एक स्प्रिंग दाराची निघाली, एक पट्टी रेडिएटरखालची. होता होता सगळ्यांना आपापलं घर मिळालं आणि मी एकटा उरलो. गाडीच्या पुस्तकात माझं चित्र नव्हतं. पण मिस्त्री म्हणाले, "वडिलांनी पदरचं काहीतरी बसवलेलं असणार. त्यांचा हात कुठे स्वस्थ बसायचा!"

गाडीला रंग द्यायला आलेला पेंटर हसला. "मिस्त्री, माझ्याकडे दर गाडीमागे मूठभर नट उरतात. गाड्या पळतातच की!"

"म्हणून तुला फक्त रंगाचं काम दिलंय," मिस्त्री म्हणाले. "अरे, लिफ्ट उघडून बंद केली आणि हातात एक स्क्रू जरी उरला, तरी ती चालू करायची नाही. आत उभा असतो तो कुणाचातरी बाप असतो."

आणि इथेच सगळं अडलं. मिस्त्रींनी मला फडक्यात गुंडाळून खिशात घातलं आणि दारोदार हिंडवलं. गॅरेजवाले, भंगारवाले, जुन्या गाड्यांचे शौकीन, कोणाला म्हणून सोडलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तसा मी रोज काकूंच्या दारावरून जायचो. आत मात्र कधी गेलो नाही. कपड्यांना डाग पडतात म्हणून ग्रीसची वस्तू उंबऱ्याच्या आत आणायची नाही, हा काकूंचाच नियम. आणि मिस्त्री नियम मोडणारे नव्हेत. मला ओरडता येत असतं तर मी गल्ली डोक्यावर घेतली असती.

दोनदा काकू काठी टेकत शेडच्या दाराशी आल्या. "अहो, आहे तशी चालू करा ना. कोपऱ्यापर्यंत न्या नि परत आणा. मला फक्त पुढे बसायचंय."

"तुला बसवायचंय म्हणूनच तर थांबलोय. दुसरं कोणी असतं तर केव्हाच किल्ली फिरवली असती."

तिसऱ्यांदा काकू आल्या नाहीत. त्यांना बसताच येईना. पलंगावर पाठ टेकली ती टेकलीच.

मग एका सकाळी मिस्त्रींनी मला साबणाने स्वच्छ धुतलं, पुसलं आणि पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत नेलं. "सगळ्यांना दाखवून झालं. तू तेवढी राहिलीस. बघ बरं, कधी आमच्या वडिलांच्या हातात पाहिलाय का?"

काकूंनी मला घेतलं. त्यांचा अंगठा आपसूक माझ्या कडीत गेला आणि तिथेच थांबला. ओळखलं होतं त्यांनी. मला वाटलं, सुटलो. आता बोला काकू, बोला एकदाचं!

त्यांनी मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींचे डोळे खोल गेले होते. "यासाठीच थांबली होती गाडी?"

"यासाठीच. एकदा हा कुठला ते कळू दे, मग तुला उचलून नेऊन बसवतो. उशा लावू चारी बाजूंनी."

उशा लावूनही आता काही होणार नव्हतं. ते मिस्त्रींनाही ठाऊक होतं आणि काकूंनाही.

"नाही हो," काकू म्हणाल्या. "मला काय कळतंय यातलं? गाडीचाच असेल. सावकाश शोधा."

मिस्त्री चहा टाकायला आत गेले. काकूंनी मला मुठीत घट्ट धरलं. "मेल्या, तिकडे होतास होय," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं. चहा येईपर्यंत त्यांनी डोळे पुसले होते.

दुपारी त्यांनी मुलीला फोन केला. मशीन आजच्या आज घेऊन जा म्हणाल्या. मुलगी म्हणाली, असू दे की घरात. काकू ऐकेनात. "मला आता काय करायचंय त्याचं? ने बाई." मिस्त्रींना वाटलं, हिने हाय खाल्ली. मशीनवरची माझी रिकामी जागा त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून ही घाई होती, हे फक्त मला कळलं.

काकू गेल्या. गाडी शेडमध्ये उभी आहे. रंग नवा, सीटकव्हर नवं, किल्ली अजून एकदाही फिरलेली नाही. मी कधीच त्या गाडीत बसणार नाही, आणि मशीनला तर आता माझी आठवणही नसेल. मिस्त्री अजून मला खिशात घालून हिंडतात. आता कोणाला बसवायचंय, असं त्यांना कोणी विचारत नाही. तेही स्वतःला विचारत नसावेत.

म्हणून तुम्हाला हात जोडून एक सांगणं आहे. कधीतरी एक म्हातारा तुमच्या दुकानाशी येईल, फडकं उलगडेल आणि मला तुमच्या तळहातावर ठेवेल. तुमच्या घरी पायमशीन असेल तर तुम्ही मला बघताक्षणी ओळखाल. नाव जिभेवर येईल. ते गिळा. थोडा वेळ मला उलटसुलट करून बघा, आणि म्हणा, "गाडीचाच दिसतोय, काका. पुढच्या दुकानात विचारून बघा."