सतरा नंबरचं रक्त

अंगावर पित्ताच्या गांधी उठणाऱ्या माणसांच्या वह्या सांभाळणं हे तिचं काम, म्हणून सगळं रुग्णालय तिला वहीबाई म्हणायचं. शिक्षणाने परिचारिका, स्वभावाने हिशेबनीस. ॲलर्जी विभागात एका नव्या इंजेक्शनचा अभ्यास चालू होता. महिनोन्‌महिने ज्यांची खाज गोळ्यांना दाद देत नाही अशी एकतीस माणसं त्यात होती. प्रत्येकाने रोज वहीत दोन आकडे लिहायचे, खाज किती आणि गांधी किती. दर चार आठवड्यांनी येऊन रक्त द्यायचं, सुई टोचून घ्यायची, अर्धा तास बसून राहायचं आणि घरी जायचं. कोणाच्या सुईत औषध आणि कोणाच्या सुईत नुसतं मिठाचं पाणी, हे ना वहीबाईला ठाऊक होतं ना मोठ्या डॉक्टरीणबाईंना.

सतरा नंबरची बाई एका हॉटेलच्या धुलाईखान्यात इस्त्री करायची. वय एकेचाळीस. वाफ लागली की हात कोपरापर्यंत लाल व्हायचे. कधी ओठ सुजायचा, कधी एक डोळा बंद. "आज कुठलं तोंड घेऊन आलात?" असं वहीबाई गमतीने विचारायची आणि बाई म्हणायची, "जे घरी शिल्लक होतं ते."

चौथ्या भेटीचे रिपोर्ट आले आणि वहीबाईच्या मनात पाल चुकचुकली. थायरॉइडच्या विरोधात शरीर जे द्रव्य तयार करतं, ते दर भेटीला मोजलं जायचं. अशा रोग्यांत ते पुष्कळदा जास्त असतं, पण एकदा जास्त असलं की सहसा जास्तच राहतं. सतरा नंबरचा पहिला आकडा चारशे बारा. दुसरा नऊ. तिसरा तीनशे अठ्ठ्याण्णव. चौथा अकरा.

"हे रक्त आहे की झोका?" ती स्वतःशीच म्हणाली.

संशय घ्यायला माणूस जवळच होता. प्रयोगशाळेतले नळीकाका. तीस वर्षं रक्ताच्या नळ्या हाताळल्या, निवृत्तीला चार महिने उरले होते, चष्म्याची काच खालच्या अंगाला भिंगासारखी जाड. नळ्यांशी बोलायची त्यांना सवय होती. "चला बाई, फिरा आता," म्हणत नळी यंत्रात ठेवायचे. चहा आला की वहीबाईलाही हाक मारायचे. याच वर्षी त्यांनी एका नळीवर चिठ्ठी उलटी चिकटवली होती, आणि ते वहीबाईने पाहिलं होतं. ती दोन दिवस काही बोलली नाही, नुसती पाहत राहिली. काका चिठ्ठी डोळ्यांजवळ नेतात, नळी ठेवताना दुसऱ्याशी बोलतात, दुपारी जेवून आले की जरा सुस्तावतात. एकदा मनात पाणी मुरलं की मग सगळ्याच भिंतींना ओल दिसते.

तिसऱ्या दिवशी ती डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"काका नळ्या अदलाबदल करतायत असं मला वाटतं."

"वाटतं, की आहे?"

"आकडे बघा ना."

डॉक्टरीणबाईंनी आकडे पाहिले, कपाळ चोळलं. "खरं काय ते कळेपर्यंत त्यांना यंत्रावर बसवू नका," त्या म्हणाल्या. "कारण सांगू नका. भांडारात सामान लावायचं आहे म्हणावं."

काकांनी कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते भांडारात हातमोज्यांची खोकी रचू लागले. जाता-येता वहीबाई दिसली की मान हलवायचे, पण बोलायचे नाहीत. त्यांना कळलं असावं, असं तिला वाटायचं आणि ती पावलं भराभर उचलायची.

पाचव्या भेटीला यंत्रावर दुसरी मुलगी होती. आकडा आला चारशे पाच. वहीबाईला सुटल्यासारखं वाटलं. पण डॉक्टरीणबाई पक्क्या होत्या. दर भेटीला प्रत्येकाची एक जादा नळी गोठवून ठेवलेली असायची. ती वहीबाई स्वतः रोग्यासमोर भरायची, स्वतः चिठ्ठी लावून मोहोरबंद करायची. काकांचा हात तिला लागायचाच नाही. सतरा नंबरच्या पहिल्या चार भेटींच्या त्या नळ्या बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवल्या.

आठवड्याने उत्तर आलं. चारशे नऊ. नऊ. चारशे दोन. दहा.

वहीबाईने कागद तीनदा वाचला. काकांनी काही चुकवलं नव्हतं. मग चूक तिची? त्या त्या दिवशी कोण कोण आलं होतं, कोणाचे आकडे काय होते, सगळं तिने काढलं. दुसऱ्या भेटीच्या दिवशी सतरा नंबर सोडून तिघं आली होती, तिघंही पुरुष, एकाचाही आकडा नऊच्या आसपास नव्हता. चौथ्या भेटीला तर सतरा नंबर एकटीच होती. नळी तीच, चिठ्ठी तीच, सुई धरणारा हात तोच. मग बदललं काय?

उरला होता फक्त समोरचा दंड.

सहाव्या भेटीला बाई आली तेव्हा वहीबाईने नेहमीचा विनोद केला नाही. बाईचा वरचा ओठ आणि डावा गाल टम्म सुजला होता. जन्मतारीख विचारली, बाईने धडाधड सांगितली. जरा जास्तच धडाधड.

"जरा उंचीच्या पट्टीला उभ्या राहता?"

"आज उंची कशाला?"

"नवीन नियम आहे." ती खोटं बोलली.

पट्टीने पहिल्या भेटीपेक्षा चार सेंटिमीटर कमी दाखवलं.

"वय झालं की माणूस खचतं, सिस्टर," बाई हसून म्हणाली.

"पाच महिन्यांत चार सेंटिमीटर?"

"कामच तसं आहे."

वहीबाईने रक्त घेतलं, पण सुई पुढे केली नाही. "औषध वरून यायचंय, बसा," म्हणाली आणि समोर खुर्ची ओढून बसली. वीस मिनिटं गेली. बाईचं लक्ष सारखं घड्याळाकडे. तिने हात छातीवर घट्ट बांधून घेतले होते. पाणी प्यायला म्हणून एक हात सोडला, तेव्हा शर्टावर ओला डाग दिसला, बशीएवढा. दुधाचा.

वहीबाईला एकदम आठवलं. अभ्यास सुरू व्हायच्या वेळी एक बाई आली होती, दोन्ही डोळे सुजून मिटलेले, कडेवर दोन महिन्यांचं बाळ. वहीबाईनेच तिला परत पाठवलं होतं. बाळ अंगावर पीत असताना हे औषध देता येणार नाही, दुधातून काय जातं कोणालाच माहीत नाही. ती बाई भिंत चाचपत गेली होती. सोबत तिची थोरली बहीण होती, इस्त्री करणारी. थोरलीला घेतलं, नंबर सतरा.

"तुमची ताई कुठंय?" वहीबाईने हळूच विचारलं.

बाईने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग रडू आवरत म्हणाली, "खाली. बाळाला घेऊन बसलीय."

"किती वेळा?"

"एक तिची, एक माझी. ही माझी तिसरी." आणि मग बांध फुटलाच. "बाळाला धरता येत नव्हतं हो मला. त्याचा हात लागला तरी अंग पेटायचं. ताई म्हणाली, माझ्या वाटचं अर्धं घे. लहानपणी भाकरी तोडायची तशी."

"भाकरी नाही ही! बाळाच्या पोटात काय गेलं ते तुम्हाला माहितीय? मला माहितीय?" वहीबाईचा आवाज चढला आणि तिचा तिलाच तो कर्कश वाटला.

थोरलीला वर बोलावलं. ती आली, सरळ उभी, चार सेंटिमीटर उंच. चेहऱ्यावर सूज नव्हती, तेव्हा दोघींत साम्य होतं, पण फसण्याइतकं नव्हतं. सुजेपलीकडे आपण कधी पाहिलंच नाही, हे वहीबाईला टोचलं.

"सगळं माझं डोकं," थोरली म्हणाली. "तिला बोलू नका."

"वहीतले आकडे कोणाचे?"

"दोघींचे. एक दिवस तिचे, एक दिवस माझे. खोटा एकही नाही."

त्याच दुपारी मुख्य कार्यालयाला कळवावं लागलं. बाळासाठी सतरा नंबरचं गुपित उघडलं गेलं. सुईत औषध होतं. खरंखुरं. थोरलीला निम्म्या सुयांवरही बराच उतार पडला होता, पूर्ण मिळाल्या असत्या तर किती पडला असता कोण जाणे. ते आता कळणार नव्हतं, कारण तिला अभ्यासातून काढलं. तिने कागदावर सही केली आणि एवढंच विचारलं, "बाळाला काही होणार नाही ना?"

"आम्ही दर महिन्याला बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी "नाही" म्हटलं नाही. दोघी बहिणींना नेहमीच्या गोळ्या वाढवून दिल्या. पुढचे सहा महिने धाकटी बाळाला घेऊन येत राहिली. बाळाचं वजन वाढलं, रक्त ठीक निघालं, तिसऱ्या महिन्यात त्याने वहीबाईचं पेन हिसकावून चावलं. पण प्रत्येक रिपोर्ट उघडताना तिचा हात क्षणभर थांबायचाच.

त्याच्याआधी तिला भांडारात जायचं होतं. बहिणींचा उलगडा झाला त्याच आठवड्यात ती गेली. नळीकाका खोक्यांवर आकारमान लिहीत होते, मोठ्या वळणदार अक्षरात.

"काका, चूक झाली माझी. मी तुमच्यावर संशय घेतला."

"ठाऊक आहे." त्यांनी मान वर केली नाही. "डोळे तपासून घेतले मी. डॉक्टर म्हणाला, वाचायला उत्तम आहेत."

"मला वाटलं..."

"आकडे तसे होते, मलाही वाटलं असतं. ते दुसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं होतं. मी तेच रक्त तीनदा फिरवलं. तीनही वेळा नऊ."

"मग सांगितलं का नाही?"

"यंत्राच्या वहीत लिहून ठेवलंय. तुला वह्या वाचता येतात म्हणून." मग त्यांनी खोकं फळीवर सरकवलं. "तू मला तोंडावर विचारायला हवं होतंस, पोरी. दोन पावलांवर तर बसायचो मी."

काका यंत्रावर परत आले, दोन महिने काम केलं आणि निवृत्त झाले. तिच्याशी नीट बोलायचे, कामापुरतं. चहाला मात्र पुन्हा कधी बोलावलं नाही.