भरदुपारचा लाल दिवा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुम्ही एका उंच शिडीचा पाय घट्ट धरून उभे आहात. डोक्यावर भरदुपारचं ऊन. शिडीच्या टोकाला, सिग्नलच्या दिव्यापाशी, तुमचे बाबा आहेत आणि ते एकेक तार ओढून पाहताहेत. प्रत्येक हिसका शिडीतून तुमच्या तळहातात उतरते आहे.

भिंगरी तशीच उभी होती.

"खाली या ना बाबा. दिवा लागतोय तर. इथून लालभडक दिसतोय."

"दिसतोय, हेच तर दुखणं आहे," बाबा वरून म्हणाले.

चौकाचौकातले सिग्नल सांभाळायचे म्हणून लोक त्यांना दिवेवाले म्हणत. गेल्या आठवड्यात याच चौकात, शाळा सुटताना, मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या मावशीला बिनड्रायव्हरच्या बसने धडक दिली होती. मावशीने मुलांना मागे ढकललं म्हणून मुलं वाचली. तिचा पाय मात्र चाकाखाली आला. त्या मुलांत भिंगरीही होती. आई गेल्यापासून भिंगरीची संध्याकाळ मावशीच्याच घरी जायची.

"दिवा लाल होता," मावशी सांगत होती. भिंगरीही तेच सांगत होती. पण बसच्या कॅमेऱ्यातली चित्रं सगळ्यांनी पाहिली. त्यांत दिवा विझलेला होता. सिग्नल बंद दिसला की बसने हळू व्हायचं आणि रस्ता मोकळा असेल तर पुढे जायचं, असा नियम. बस तशीच निघाली आणि उभ्या टेम्पोच्या आडून मावशी पुढे आली.

शाळेच्या फाटकाशी आयांची कुजबुज सुरू झाली होती.

"वय झालं हो तिचं. डोळ्यांनी धड दिसत नसणार."

"आणि आपण पोरं तिच्या हवाली करत होतो, बाई."

दिवेवाल्यांना ते ऐकवेना. म्हणून आज ते शिडी घेऊन आले होते. तारा ठीक होत्या, जोड ठीक होते.

"बाबा, बस कॅमेऱ्यातून बघते ना? मग आपणही कॅमेऱ्यातून बघू." भिंगरीने फोन वर धरला. मग खाली घेतला, दिव्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर धरला.

"काय गं?"

"विझतोय, बाबा."

बाबा उतरले. नुसत्या डोळ्यांना शांत दिसणारा दिवा फोनमध्ये मिचमिचत होता. मधूनच साफ काळा.

"पलीकडच्या खांबावरचा नाही असं करत. हाच का?" भिंगरीने विचारलं.

बाबा फुटपाथवरच बसले.

समोरच्या घरात एक बाळंतीण होती. ती म्हणाली होती, "भाऊ, हा दिवा पार आमच्या पाळण्यात शिरतो हो. बाळ रात्रभर टक्क जागं." बाबांना दया आली. अपघाताच्या काही दिवस आधी त्यांनी दिवा मंद करणारा एक छोटा डबा तारेत बसवला होता; तो दिवसाही चालूच राही.

आता नीट ऐका. कंदिलाची वात खाली करता येते, तशी या नव्या दिव्यांची करता येत नाही. तो डबा दिवा सारखा लावतो आणि विझवतो, इतक्या भराभर, की आपले डोळे सगळं एकत्र करून म्हणतात, दिवा मंद आहे. कॅमेरा मात्र एकामागून एक सुटी चित्रं टिपतो. भर उन्हात तर त्याची पापणी निमिषभरच उघडते. नेमका तेव्हाच दिवा विझलेला असला, तर त्याच्या लेखी दिवा नाहीच. त्या दुपारी दोघांचा ताल असा काही जुळला, की चित्रामागून चित्र काळंच आलं.

डबा बसवल्यावर बाबांनी काम तपासलं होतं, नेहमीच्या रीतीने. रस्त्यापलीकडे जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी.

"म्हणजे मावशी खरं बोलत होती," भिंगरी म्हणाली.

"हो."

"मग चला, सांगू या."

"सांगितलं तर मला कामावरून काढतील गं. तुरुंगातही घालतील. मग तुला कोण बघेल?"

"मावशी," भिंगरी पटकन म्हणून गेली. मग तिला मावशीचा पाय आठवला आणि तिने खाली मान घातली.

हॉस्पिटलात मावशी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"कोण, भिंगरी? ये गं. तुम्हीही आलात, भाऊ? बरं झालं. संध्याकाळी शाळेतले येणार आहेत. सांगून टाकते त्यांना, चुकलं माझं. एवढे सगळे म्हणतात दिवा बंद होता, तर असेल बंद. माझ्या डोळ्यांचा मलाच भरवसा उरला नाही."

बाबांनी ओठ उघडले.

"काही खाल्लंत का, मावशी?"

"खाल्लं."

"उशी नीट करू?"

"राहू दे."

"बरं, मग... येतो आम्ही."

ते वळले. भिंगरी हलली नाही. तिने एकदा बाबांकडे पाहिलं. मग शेजारच्या खाटेजवळचं स्टूल फरशीवरून खरडत ओढत आणलं, मावशीच्या उशाशी ठेवलं आणि फ्रॉकच्या टोकाने पुसलं. तशीच ती दाराशी गेली, दार लोटलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली.