हळद लागलेलं नाक

मित्रांनो, कोपऱ्यातल्या पोत्यात गंजत पडलेला मी एक रोबो आहे. बिस्किटाचा डबा हे माझं अंग, खेळण्यातल्या गाडीची चाकं हे माझे पाय आणि पुढे, डाव्या-उजव्या बाजूंना, बारीक जाळीची दोन नाकं.

दोन हजार चार साली मला सुधाताईनं घडवलं. ती नांदेडला विज्ञान शिकत होती. तिची आई केशरबाई नरसीला रस्त्याकडेला भज्यांचं हॉटेल चालवायची. एका मोठ्या तापानंतर केशरबाईला कसलाच वास येईना. गॅस गळला तरी तिला कळलं नसतं. त्या धास्तीतून माझा जन्म झाला.

वास सरळ रेषेत येत नाही. वारा त्याचे तुकडे करतो. ज्या नाकाला वास जास्त लागेल, त्या बाजूला मी वळायचो. वास हरवला, की वाऱ्याला आडवा फिरून पुन्हा गाठायचो. सगळ्यांत दाट असेल तिथे थांबून ओरडायचो. गॅस जड, जमिनीलगत साचतो. म्हणून केशरबाई सकाळी आधी मला जमिनीवर सोडायची. मी गप्प राहिलो, तरच काडी ओढायची.

एकदा उंदरानं कुरतडलेली नळी मी शोधली. केशरबाईचा नवरा ग्यानबा गिऱ्हाइकांना सांगत सुटला, “आमच्या हॉटेलात नाक एकच, अन् ते बी डब्याला!”

“तुमाला तरी कुठं हाय?” केशरबाई म्हणाली. “करपलेली भजी रोज खाऊन राहिले ना!”

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कामाच्या हत्यारांची पूजा होते. केशरबाईनं झारा, कढई, विळी घासून मांडली आणि सर्वांच्या पुढे मला ठेवलं.

“ह्याच्या जिवावर जगून राहिले मी,” असं म्हणत तिनं ओली हळद आणि वर कुंकू माझ्या दोन्ही नाकांवर बोटानं दाबून लावलं. हळद जाळीत शिरून वाळली. पूजेची हळद पुसणार कोण?

दुसऱ्या सकाळी शेगडीची नळी सैल झाली होती. ग्यानबा बाजाराला गेला होता. मी भिंतीपर्यंत गेलो, परत आलो. मला काहीच लागलं नाही. मी गप्प राहिलो.

केशरबाईनं काडी ओढली.

भडका उडाला. ती वाचली, पण तिचे दोन्ही हात भाजले. ग्यानबानं मला लाथ घातली. “तुह्या भरवशावर बसलो रे, डब्या!”

सुधाताई धावत आली. तिनं माझी जाळी नखानं खरवडली. पिवळा चुरा बोटाला लागला. तिनं बोट हुंगलं. हळद होती.

दवाखान्यात केशरबाईनं विचारलं, “पोरी, ते ओरडलं काहून न्हाई?”

“बिघडलं होतं, आई.”

मित्रांनो, मी बिघडलो नव्हतो. तरी तेव्हापासून सगळ्यांच्या लेखी मी बिघडलेलाच आहे आणि मला कुणी साफसुद्धा केलं नाही.

यंत्राच्या पाया पडू नका. ते कसं चालतं, ते विचारा. ते गप्प आहे म्हणजे धोका नाही, असं धरून चालू नका. आधी थोडा वास त्याच्या नाकाशी नेऊन बघा, ते ओरडतं का. हे केशरबाईला कुणीच सांगितलं नव्हतं, सुधाताईनंसुद्धा नाही.

केशरबाईच्या बोटांची मूठ आता वळत नाही. नांदेडचं शिक्षण सोडून आलेली सुधाताई तिला दोन्ही वेळा घास भरवते.