दुसरं रीळ आणि तिसरं रीळ

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. माझं मूळ गाव मात्र विचारू नका, मित्रांनो, कारण तिथूनच माझा गोंधळ सुरू होतो. माझी काच एका देशातली, मोटर दुसऱ्या देशातली, आणि जोडणी झाली तिसऱ्याच देशात. अंगावरची पाटी चौथ्या भाषेत आहे. ती मला अजून वाचता आलेली नाही.

एका कॉलेजात समकालीन साहित्य आणि चित्रपट हा विषय सुरू झाला, तेव्हा मला तिथे आणलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडक्यांना काळे पडदे, आणि मला सांभाळायला ऑपरेटरकाका. काका जुन्या बनियनच्या मऊ तुकड्याने माझी काच पुसत आणि मला कुणी हात लावला की त्याच्यावर खेकसत. देशोदेशीच्या चित्रपटांचे डबे यायचे. त्यांवरची लिपी काकांना येत नसे. सोबत आलेली रिळांच्या क्रमाची चिठ्ठी शेजारी धरून ते अक्षरांची वळणं जुळवत आणि डब्यांवर खडूने एक, दोन, तीन असे आकडे घालत.

चित्रपट संपला की हा विषय शिकवणाऱ्या मॅडम प्रश्न विचारत आणि मुलं त्यातून असे काही अर्थ काढत, की मी चाट पडायचो. हे सगळं माझ्यातूनच गेलं का? मला तर काहीच दिसलं नव्हतं.

एकदा चार रिळांचा एक चित्रपट आला. त्या खेपेला चिठ्ठीच नव्हती. काकांनी अंदाजाने आकडे घातले. दुसऱ्या रिळात आई मेली, मुलाने घराला कुलूप लावलं. तिसऱ्या रिळात तीच आई अंगणात बसून त्याच्या शर्टाला बटण लावत होती! मला वाटलं, म्हातारपणी माझंच डोकं फिरलं.

मॅडम म्हणाल्या, "बघा, आजच्या जागतिकीकरणात माणसाचा काळच तुटलाय. म्हणून आई परत येते."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि भराभर लिहून घेतलं. एकच मुलगी उभी राहिली. वर्गाने तिचं नाव शंकासुर ठेवलं होतं.

"मॅडम, रिळं मागेपुढे लागली असतील."

सगळे हसले. तिने निबंधातही तेच लिहिलं. मॅडमनी तांबड्या शाईत शेरा मारला, "हा अभ्यास नव्हे. पुन्हा लिहा, नाहीतर नापास." नापास म्हणजे तिचं वर्ष वाया जाणार होतं.

ती काकांकडे आली. "काका, तुम्हीच सांगा ना."

"मला काय कळतंय त्यातलं, बाळा," काका म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मला त्यांचा फार राग आला. ती गेल्यावर मात्र त्यांनी तिसरं रीळ खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

पुढच्या तासाला ते दारात उभे राहिले. "मॅडम, चूक माझी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या रिळाचे आकडे मी उलटे घातले. पोरगी खरं बोलतेय."

मॅडमचा चेहरा पडला. पण त्या एवढंच म्हणाल्या, "पुन्हा लावा."

या वेळी आईने आधी बटण लावलं आणि मग ती गेली. दिवे लागले तरी कुणी वही उघडली नाही. मॅडमनी पदराने डोळे टिपले. मी पुन्हा गोंधळलो. चुकीचा चित्रपट सगळ्यांना कळला होता आणि बरोबर लागल्यावर कुणालाच बोलता येईना. मग अभ्यास कोणता म्हणायचा?

"एवढ्या जणांत तुलाच कसं कळलं गं?" मॅडमनी विचारलं.

शंकासुर खाली बघत म्हणाली, "आमची आई गेली ना, मॅडम. त्यानंतर माझी बटणं मीच लावते."

मॅडमनी तिची वही मागून घेतली आणि आपला शेरा खोडला.

आता मी एका कपाटाच्या मागे आहे, अंगावर धूळ आहे. सारं जग तुमच्या खिशातल्या फोनमध्ये मावतं म्हणे. मला ते नीटसं समजत नाही. जमलं तर माझी काच पुसा. आणि मित्रांनो, एखादी गोष्ट कळली नाही, तर सगळ्यांनी माना डोलावल्या तरी तुम्ही उभे राहा. तुमच्या घरात जे घडलंय, ते दाराबाहेर ठेवून वर्गात येऊ नका.