खिडकीपुढचा गहू

“तेवढा पट्टा सोडून मोजा, साहेब,” म्हातारा शेतकरी म्हणाला आणि मान खाली घालून उभा राहिला.

साहेबांना कचेरीत सगळे पडीकसाहेब म्हणत. जमिनीला विसावा मिळावा म्हणून जे शेतकरी पाच वर्षं काही पेरणार नाहीत, त्यांना सरकार अनुदान देई. आणि खरंच काही पेरलेलं नाही ना, हे साहेब गावोगाव फिरून बघत. “काही उगवलं नाही हे बघायचा पगार घेणारा नवरा माझ्याच नशिबी यावा,” असं त्यांची बायको म्हणायची. ती गेल्यापासून घरात त्यांची थट्टा करणारं कोणी उरलं नव्हतं.

इथे मात्र उगवलं होतं. घराच्या खिडकीसमोर गुडघाभर उंचीचा हिरवागार गहू, जेमतेम चार ओळी. नियम साफ होता. एक काडी दिसली तरी सगळ्या शेताचं अनुदान बंद.

साहेब चिडले. करार करताना डोळे मिटले होते का, असं त्यांनी विचारलं. असल्या माणसांचा त्यांना मनापासून राग येई. आधी आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि मग दुसऱ्याचे पाय धरायचे.

म्हाताऱ्याने खिडकीकडे बोट केलं. आत खाटेवर त्याची बायको डुलक्या घेत होती. तिला अलीकडे लेकीचं नावही आठवत नसे, पण शेत मोकळं दिसलं की ती कासावीस व्हायची. पेरणी झाली का, पेरणी झाली का, हाच धोशा. घास खाली उतरत नसे. म्हणून तिला दिसेल एवढंच त्याने पेरलं होतं. तिला सांभाळायला येणाऱ्या बाईचा पगार याच अनुदानातून निघे. ते बंद झालं तर लेक आईला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवणार, हे ठरलेलं होतं.

“तिथे तिला खिडकी मिळेल हो,” म्हातारा म्हणाला. “पण खिडकीबाहेर काय असेल?”

साहेबांनी मोजणीची फीत गुंडाळली. मग म्हणाले की ओढ्याकडच्या टोकापासून मोजायला घेतो, इथवर यायला दुपार होईल. म्हातारा काय ते समजला.

दुपारी ते परतले तेव्हा निम्मा पट्टाही निघाला नव्हता. म्हातारा मूठभर गहू उपटायचा आणि कमरेवर हात ठेवून थांबायचा. कंबर हे आपलं निमित्त. हिरवं पीक उपटायला त्याचा हात धजत नव्हता. साहेबांनी बूट काढले, बाह्या सारल्या आणि दुसऱ्या टोकाने उपटायला सुरुवात केली. म्हातारी दुपारच्या झोपेतून जागी व्हायच्या आत उरकायचं होतं.

शेवटचा भारा बांधाआड टाकून ते वळले, तर ती खिडकीत बसलेली. दोघेही चोरासारखे जागच्या जागी उभे राहिले.

“काढलात गहू?” ती म्हणाली. “हिरवा होता की अजून.”

“पाऊस येणार म्हणतात,” म्हातारा म्हणाला. आभाळ स्वच्छ होतं.

“मग बरं केलंत.” तिने साहेबांकडे पाहिलं. “या गड्याला मजुरी दिलीत का?”



“मिळाली, आई,” साहेबच म्हणाले.

“पेरणीलाही ये हो.”

“येतो.”

साहेबांनी गाडीत बसून कागदावर ‘संपूर्ण क्षेत्र पडीक’ असं लिहिलं. उभ्या नोकरीत हेच शब्द लिहीत आले होते ते. आज लिहिताना त्यांना रडू आलं.

म्हातारा तिकडे खिडकीपाशी गेला होता. आता पेरणी कधी, असं ती विचारत होती. होईल, लवकरच होईल, असं तो सांगत होता. मग मागची रिकामी जमीन तिला दिसू नये म्हणून तो खिडकीला पाठ न करता, तिच्याकडे तोंड करून, अगदी गजांना लागून उभा राहिला.

“जरा बाजूला सरका ना,” ती त्याला म्हणाली. “मला शेत दिसत नाहीये.”

तो सरकला नाही.